प्रयोगशाळेतला ऐकणारा लेखनिक



लंबकाचा प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत केला असेल. दोऱ्याला टांगलेला गोळा, हातात स्टॉपवॉच आणि तोंडाने मोजणी चालू : शून्य, एक, दोन, तीन... विसावे आंदोलन पुरे होताच घड्याळ थांबवायचे आणि त्यावरचा आकडा वहीत लिहायचा. आता आठवून सांगा, तो आकडा लिहिला कोणी? तुमचा एक हात घड्याळावर होता, दुसरा गोळा सोडण्यात गुंतला होता आणि डोळे गोळ्यावर खिळले होते. तेव्हा बहुधा तुम्ही आकडा मोठ्याने म्हटला असेल आणि शेजारी वही घेऊन उभ्या असलेल्या मित्राने तो लिहिला असेल.

याचा अर्थ असा, की वहीतला आकडा घड्याळातून सरळ कागदावर आलेला नाही. घड्याळातून तुमच्या डोळ्यांत, तुमच्या तोंडातून हवेत, हवेतून मित्राच्या कानात आणि तिथून त्याच्या पेनाच्या टोकाशी असा प्रवास करून तो आला आहे. या प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर आकडा बदलू शकतो.

अलीकडे या मित्राच्या जागी एक यंत्र येऊन बसले आहे. तुमच्या घरातल्या फोनला ‘उद्या सकाळी सहाला उठव’ असे सांगितले की तो गजर लावतो, हे तुम्ही पाहिले असेल. सिरी हा असा मदतनीस २०११ साली फोनमध्ये आला, अलेक्सा २०१४ साली आली. त्यानंतर काही वर्षांतच संशोधकांसाठी खास तयार केलेले आवाजी मदतनीसही निघाले. बर्लिनच्या लॅबट्विन या कंपनीचा मदतनीस हे त्याचे एक उदाहरण. संशोधक काम करता करता बोलतो, ‘नळी क्रमांक चार, तापमान सदतीस अंश, द्रावण गढूळ झाले’ आणि यंत्र ते वाक्य वेळेसह संगणकातल्या नोंदवहीत उतरवते. परीक्षेत अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो, तसा हा प्रयोगशाळेतला लेखनिक. त्याच्यावर किती विसंबावे आणि कुठे सावध राहावे, हे आज आपण पाहू.

नोंद तेव्हाच का करायची?

प्रथम एक साधा प्रश्न. प्रयोग संपल्यावर निवांत बसून लिहिले तर काय बिघडते?

मायकेल फॅराडे यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. पुढच्याच वर्षापासून त्यांनी आपल्या नोंदवहीतल्या परिच्छेदांना अनुक्रमांक द्यायला सुरुवात केली आणि हा क्रम १८६० पर्यंत चालू ठेवला. शेवटचा क्रमांक आहे १६०४१. फसलेले प्रयोगही त्यांत आहेत. फॅराडे यांना विस्मरणाचा त्रास होता. आपली स्मरणशक्ती दगा देते हे त्यांनी ओळखले होते आणि म्हणून सारा भरवसा वहीवर टाकला होता.

आपली स्मरणशक्ती चांगली असली तरी ती प्रामाणिक असतेच असे नाही. तासाभराने आठवलेला आकडा हा बहुतेक वेळा ‘असायला हवा होता’ तो आकडा असतो. गुरुत्व त्वरण ९.८ येते हे पुस्तकात वाचलेले असते. त्यामुळे आठवताना मन हळूच त्या बाजूला कलते. निरीक्षण आणि नोंद यांमध्ये जितका वेळ जाईल, तितकी या कलण्याला संधी मिळते. तुमची रफ वही खाडाखोडीची आणि डागाळलेली असते, जर्नल मात्र सुंदर अक्षरातले असते. पण पुरावा म्हणून खरी किंमत रफ वहीला आहे, ती याच कारणामुळे.

हात गुंतलेले असताना

अडचण अशी, की ज्या क्षणी नोंद करायला हवी, नेमके त्याच क्षणी हात रिकामे नसतात. सूक्ष्मदर्शकातून पेशी मोजणाऱ्याने मान वर केली तर मोजणी चुकते. हातमोजे घालून जंतूंची वाढ तपासणारा पेनाला हात लावू शकत नाही. लावला तर ते पेन आणि ती वही दूषित झाली. मेरी क्यूरी यांच्या नोंदवह्या आजही किरणोत्सारी आहेत आणि शिशाचे अस्तर लावलेल्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत, हे तुम्ही वाचले असेल. प्रकाशशास्त्राचे प्रयोग अंधाऱ्या खोलीत करावे लागतात. तिथे लिहिण्यासाठी दिवा लावला की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात.

अशा वेळी बोलणे हाच सोपा मार्ग. यंत्राने ऐकून लिहिण्याच्या कितीतरी आधी हा मार्ग वापरात आला होता. त्याचे सर्वांत नाट्यपूर्ण उदाहरण पृथ्वीवरचे नाही. ऑगस्ट १९७१ मध्ये अपोलो १५ चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन चंद्रावर खडकांचे नमुने गोळा करीत होते. अंगावर फुगलेला पोशाख, हातांत जाड मोजे. अशा हातांनी वही लिहीत बसणे शक्यच नव्हते. ते जे पाहत ते बोलत : खडकाचा रंग, त्यातले स्फटिक, तो कुठे आणि कसा पडला होता, कोणत्या क्रमांकाच्या पिशवीत घातला. पृथ्वीवर ते बोलणे ध्वनिमुद्रित होत होते आणि माणसे ते उतरवून घेत होती. पुढे ‘जेनेसिस रॉक’ या नावाने प्रसिद्ध झालेला १५४१५ क्रमांकाचा खडक त्या मोहिमेतला. तो कुठे, कशावर बसलेला सापडला हे आज आपल्याला माहीत आहे, कारण त्या दोघांनी ते तिथल्या तिथे बोलून ठेवले. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून गेलेले भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट यांना चंद्रावर नारिंगी माती दिसली, तेव्हाही पहिली नोंद झाली ती आवाजातच.

या पद्धतीत एक मोठा गुण होता. लिहून घेणाऱ्याने चूक केली, तरी मूळ ध्वनिफीत शिल्लक होती. शंका आली की पुन्हा ऐकता येत होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

सदतीस की सत्तावीस?

मी बी.एस्सी.च्या वर्गात असताना आम्ही दोघे मित्र स्पेक्ट्रोमीटरवर प्रयोग करीत होतो. त्रिकोणी लोलकावर प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून पाडायचा, दर वेळी तो किती अंशांनी वळला ते मोजायचे आणि आलेख काढायचा. खोलीत अंधार, सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड. मित्र विजेरीच्या प्रकाशात व्हर्निअर वाचून आकडे सांगत होता आणि मी खोलीच्या दाराशी, बाहेरून येणाऱ्या उजेडात लिहीत होतो.

आलेख काढला तेव्हा एक सोडून सगळे बिंदू छान वक्रावर बसले. तो एक बिंदू जरासा बाजूला होता. वहीत मी लिहिले होते ‘३७ मिनिटे’. २७ असते तर बिंदू बरोबर वक्रावर बसला असता. मी म्हणालो, ‘तू सत्तावीस म्हणाला असशील, मला सदतीस ऐकू आले.’ तो म्हणाला, ‘असेल.’ मी ३ चा २ केला. वक्र सुरेख आला आणि आम्हांला चांगले गुण मिळाले.

मित्र काय म्हणाला होता? मला माहीत नाही. कदाचित सत्तावीसच म्हणाला असेल. कदाचित तो सदतीस म्हणाला असेल आणि त्या वेळी लोलक जागचा किंचित हलला असेल. तसे असेल तर पुढची सगळीच वाचने संशयास्पद होती आणि तो बाजूला पडलेला बिंदू आम्हांला तेच सांगत होता. आवाज हवेत विरून गेला होता आणि आकडा मी बदलून टाकला होता. तपासायला काही उरले नाही. आता मी शिकवतो. आलेखावरचा एखादा बिंदू विद्यार्थी अलगद वक्रावर आणून बसवताना दिसला, की मला तो दिवस आठवतो.

त्या दिवशी ऐकणारे यंत्र जवळ असते तर काय झाले असते? हे समजण्यासाठी यंत्र कसे ऐकते ते पाहिले पाहिजे.

यंत्र कसे ऐकते?

तुम्ही बोलता तेव्हा हवेचा दाब कमीजास्त होतो. मायक्रोफोन या चढउतारांचे विद्युतदाबाच्या चढउतारांत रूपांतर करतो आणि संगणक तो विद्युतदाब सेकंदातून साधारणपणे १६,००० वेळा मोजतो. म्हणजे ‘साठ’ हा अर्ध्या सेकंदाचा शब्द संगणकाच्या दृष्टीने ८,००० आकड्यांची रांग असते.

या रांगेचे लहान लहान तुकडे केले जातात. एक तुकडा साधारण २५ मिलिसेकंदांचा असतो आणि दर १० मिलिसेकंदांनी नवा तुकडा घेतला जातो, म्हणजे शेजारचे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारतेचा ध्वनी किती आहे हे गणिताने काढतात. लोलक जसा पांढऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे करतो, तसे हे गणित आवाजाचे ‘रंग’ वेगळे करते. ‘स’ मध्ये उंच वारंवारता भरपूर असतात, ‘आ’ मध्ये खालच्या. अशा वर्णपटांची मालिका मग एका जाळ्यात सोडतात. माणसांच्या हजारो तासांच्या बोलण्यावर सराव देऊन हे गणिती जाळे तयार केलेले असते. कोणत्या वर्णपटाशी कोणता ध्वनी जुळतो, हे ते त्या सरावातून शिकते.

या विद्येची सुरुवात अंकांपासूनच झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे यंत्र तयार झाले. ते फक्त शून्य ते नऊ हे इंग्रजी अंक ओळखत असे. आयबीएमने १९६२ साली सिॲटल येथील जागतिक प्रदर्शनात मांडलेल्या ‘शूबॉक्स’ या यंत्राला १६ शब्द येत होते, त्यांतले दहा अंकच होते. १९७६ पर्यंत कार्नेगी मेलन विद्यापीठातली ‘हार्पी’ ही प्रणाली हजारावर शब्द ओळखू लागली. तिथे या कामाचे नेतृत्व करणारे राज रेड्डी हे मूळचे आंध्र प्रदेशातले. १९९४ साली त्यांना एडवर्ड फायगेनबॉम यांच्याबरोबर ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

कानाची साक्ष आणि सवयीची साक्ष

परंतु यंत्र केवळ आवाजावरून शब्द ठरवीत नाही. आवाज पुष्कळदा अस्पष्ट असतो. पंखा चालू असतो, कोणी बाक सरकवतो. म्हणून यंत्र दोन साक्षीदार बोलावते असे समजा. पहिली कानाची साक्ष : आवाज कोणत्या शब्दासारखा वाटला? दुसरी सवयीची साक्ष : अशा वाक्यात लोक सहसा कोणता शब्द वापरतात? दोन्ही मिळून जे सर्वांत संभाव्य ठरते, ते यंत्र लिहिते.

आपण एक काल्पनिक उदाहरण सोडवू. तुम्ही म्हणालात, ‘तीस आंदोलनांना साठ दशांश दोन सेकंद.’ पहिला शब्द पंख्याच्या आवाजात थोडा बुडाला. समजा, कानाच्या साक्षीप्रमाणे तो ‘तीस’ असण्याची शक्यता ०.६ आणि ‘वीस’ असण्याची ०.४ आहे. पण ज्या नोंदी वाचून यंत्र शिकले त्यांत बहुतेक सगळे वीस आंदोलने घेतात. म्हणून सवयीची साक्ष ‘वीस’ला ०.८ आणि ‘तीस’ला ०.२ देते. दोन्हींचा गुणाकार करा.

तीस : ०.६ × ०.२ = ०.१२
वीस : ०.४ × ०.८ = ०.३२

यंत्र लिहिणार ‘वीस’. कान ‘तीस’च्या बाजूचा होता, सवयीने निकाल फिरवला!

ही चूक मोठी आहे, म्हणून ती पकडली जाईल. लंबकाची लांबी १ मीटर असेल, तर ६०.२ सेकंदांना ३० ने भागून दोलनकाल २.०१ सेकंद येतो आणि गुरुत्व त्वरण सुमारे ९.८ येते. २० ने भागले तर दोलनकाल ३.०१ सेकंद आणि गुरुत्व त्वरण सुमारे ४.४. असे उत्तर पाहताच तुम्ही दचकाल आणि मागे जाऊन शोधाल. मोठी चूक अशी ओरडून स्वतःची जागा दाखवते. भीती आहे ती लहान चुकीची; त्यातही जी चूक आकड्याला अपेक्षित आकड्याच्या जवळ नेते, तिची. तिच्यामुळे कोणीच दचकत नाही. उलट ‘उत्तर छान आले’ म्हणून समाधान वाटते.

मी ३७ चे २७ केले तेव्हा माझ्या मनाने हेच केले होते. कानाची साक्ष बाजूला सारली आणि सवयीची मानली. तेव्हा यंत्राला नावे ठेवू नका. त्याचा दोष आपल्याच दोषासारखा आहे. फरक इतकाच, की ते थकत नाही आणि त्याला संकोच वाटत नाही.

याहून चमत्कारिक गोष्टही घडते. बोलण्यात लांब विराम आले, की काही प्रणाली त्या शांततेत स्वतःचीच वाक्ये घालतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका नामांकित प्रणालीने उतरवलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी सुमारे १ टक्का ठिकाणी कोणीही न बोललेला मजकूर सापडला. प्रयोगशाळेत तर बोलण्यापेक्षा गप्प राहणेच अधिक असते.

महाभारत सांगताना व्यासांनी गणपतीला घातलेली अट तुम्हांला ठाऊक आहे : अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. आपल्या या नव्या लेखनिकाला ती अट घालता येत नाही. तो फार वेगाने आणि फार सुंदर लिहितो, पण समजून लिहितो असे धरून चालता येत नाही. समजून घेण्याचे काम आपल्याकडेच राहते.

तिसऱ्या दशांश स्थळातला वायू

‘एवढ्यातेवढ्या फरकाने काय होते?’ असे कोणी म्हणेल. त्याला लॉर्ड रॅले यांची गोष्ट सांगा.

१८९० नंतरच्या काही वर्षांत रॅले नायट्रोजनची घनता अचूकपणे मोजत होते. एकाच काचेच्या गोळ्यात, एकाच तापमानाला आणि दाबाला वायू भरून ते वजन करीत. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून घेऊन उरलेल्या नायट्रोजनचे वजन आले सुमारे २.३१० ग्रॅम. रासायनिक संयुगांपासून तयार केलेल्या नायट्रोजनचे वजन आले सुमारे २.२९९ ग्रॅम. फरक अवघा ०.०११ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दोन्ही आकडे ‘साधारण २.३’ असे लिहिले असते तर फरक दिसलाच नसता. रॅले यांनी तसे केले नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा वजने केली, दर वेळचा आकडा होता तसा ठेवला आणि १८९२ साली ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना याचे कारण विचारले. शेवटी १८९४ साली त्यांनी आणि विल्यम रॅम्झी यांनी जाहीर केले, की हवेतल्या ‘नायट्रोजन’मध्ये आणखी एक जड वायू मिसळलेला आहे. तो ऑरगॉन. आपण प्रत्येक श्वासात घेतो त्या हवेचा जवळजवळ १ टक्का भाग असलेला हा वायू तोवर कोणालाच माहीत नव्हता. १९०४ साली रॅले यांना भौतिकीचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हाच आकडा यंत्राला सांगून पाहा : ‘दोन दशांश तीन एक शून्य’. नीटनेटके लिहिण्याची सवय लावलेले यंत्र शेवटचे शून्य निरुपयोगी समजून २.३१ असे लिहू शकते. गणिताच्या दृष्टीने दोन्ही सारखे. पण प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीने ते शून्य म्हणजे ‘मी तिसऱ्या स्थळापर्यंत मोजले आणि तिथे शून्य सापडले’ अशी साक्ष आहे. ती खोडण्याचा अधिकार लेखनिकाला नाही.

सवय नेहमीच्या गोष्टीच्या बाजूने बोलते आणि विज्ञानातली नवी बातमी पुष्कळदा नेहमीपेक्षा वेगळ्या आकड्यात दडलेली असते. आवाजी लेखनिक वापरताना मनात ठेवायची गोष्ट हीच.

मराठी आकड्यांची गंमत

मराठीत बोलून नोंद करणाऱ्याने आणखी थोडे जपले पाहिजे. सात आणि साठ यांत एका व्यंजनाचा फरक. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांचा पहिला अर्धा भाग एकच. सदतीस आणि सत्तावीस यांनी मला काय शिकवले ते वर सांगितलेच आहे. शिवाय आपले सव्वा, दीड, अडीच, पावणेचार! आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने फोनला ‘लांबी साडेतीन’ असे सांगितले, तर फोनने ३:३० लिहून ठेवले. त्याला वाटले, घड्याळातली वेळ आहे.

यंत्र ज्या आवाजांवर शिकते, त्यांनाच ते चांगले ओळखते. इंग्रजी आवाजांचा साठा प्रचंड आहे, मराठीचा त्या मानाने लहान; त्यातही कोकणातले, खानदेशातले, विदर्भातले बोलणे वेगवेगळे. हा साठा वाढवण्याचे प्रयत्न चालू आहेत. भारत सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. ‘कॉमन व्हॉइस’ या प्रकल्पात जगभरचे स्वयंसेवक आपापल्या भाषेतली वाक्ये वाचून आवाज दान करतात आणि त्यात मराठीही आहे.

रेल्वे आणि विमानाकडून शिकू या

आवाजाने आकडा पाठवायचा आणि तो चुकू द्यायचा नाही, ही अडचण काही नवी नाही. वैमानिकाला नियंत्रण कक्षाने उंचीचा किंवा दिशेचा आकडा दिला, की तो वैमानिक उलट म्हणून दाखवतो आणि नियंत्रक ते ऐकून पडताळतो. अंक एकेक करून उच्चारतात. इंग्रजीतला ‘नाइन’ दुसऱ्या शब्दात मिसळू नये म्हणून तो ‘नायनर’ असा म्हणतात. आपल्या रेल्वेत स्टेशनमास्तर आणि फाटकावरचा गेटमन फोनवर बोलतात, तेव्हा फाटक बंद झाल्याची खूण म्हणून ‘प्रायव्हेट नंबर’ दिला जातो आणि ऐकणारा तो वहीत लिहून ठेवतो. नुसते ‘हो, केले’ एवढे पुरत नाही, कारण चुकीचा परिणाम फाटकावर उभ्या असलेल्या माणसांना भोगावा लागतो.

यावरून आपण आपल्यासाठी काही नियम करू.

१) अंक एकेक बोला. ‘सदतीस’ असे न म्हणता ‘तीन सात’ म्हणा. सव्वा, दीड, साडे हे शब्द प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवा.

२) एकक दर वेळी आणि पूर्ण म्हणा. नुसते ‘पन्नास मिली’ म्हणू नका. मिलिग्रॅम, मिलिलिटर की मिलिमीटर?

३) यंत्राकडून आकडा वाचून घ्या आणि तो ऐकताना डोळे उपकरणावर ठेवा. आठवणीशी नव्हे, काट्याशी ताडून पाहा. जुळला तरच पुढे जा.

४) चूक झाली तर आधीची नोंद पुसू नका. ‘दुरुस्ती’ असे म्हणून नवी नोंद करा आणि कारण सांगा. कागदावर आपण चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारतो, तो खालून वाचता यावा म्हणून, तसेच हे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने १९९७ साली संगणकातल्या नोंदींसाठी जे नियम केले, त्यांतही बदल केल्यावर जुनी नोंद झाकली जाऊ नये आणि बदलाची वेळ नोंदली जावी, अशी अट आहे.

५) मूळ आवाज जपून ठेवा. तीच तुमची रफ वही. यंत्राने लिहिलेला मजकूर हे जर्नल. मात्र ध्वनिमुद्रण चालू आहे हे खोलीतल्या सर्वांना आधी सांगा. त्यांचे बोलणेही त्यात येते.

६) यंत्र हल्ली नोंदींचा सारांशही लिहून देते. तो वेगळ्या पानावर ठेवा. तुम्ही पाहिलेले आणि यंत्राने रचलेले एकमेकांत मिसळू देऊ नका.

शेवटचा नियम यंत्राशिवायही लागू आहे. एखादा आकडा विचित्र आला, तर तो तसाच लिहा आणि शेजारी प्रश्नचिन्ह करा. पुन्हा मोजा. दुसरे वाचन वेगळे आले तर तेही लिहा. पहिले मात्र राहू द्या.

करून पाहा

शिक्षकांच्या परवानगीने एका फोनवर बोलून लिहिण्याची सोय चालू करा. फोन मिळत नसेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मित्राला लेखनिक करा. प्रयोग तितकाच उपयोगी आहे.

वीस आकड्यांची यादी कागदावर लिहा. तीत ७, ६०, २७, ३७, ५९, ६९, ७९, ३.५, २.३१० हे आकडे असू द्या. यादी तीन वेळा वाचा : एकदा नेहमीसारखी, एकदा अंक एकेक करून, आणि एकदा अंक एकेक करून पण पंखा चालू ठेवून. दर वेळी किती आकडे चुकले ते मोजा आणि तक्ता करा.

नंतर ‘गुरुत्व त्वरण नऊ दशांश तीन’, ‘पाणी सत्त्याण्णव अंशांना उकळले’ अशी ओळखीची पण आकडा वेगळा असलेली दहा वाक्ये म्हणा. लेखनिकाने त्यांतली किती जशीच्या तशी लिहिली? जी चुकली, ती कोणत्याही दिशेला चुकली की ९.८ आणि १०० यांच्याकडे झुकली? हीच चाचणी यंत्रावर आणि मित्रावर, दोघांवर घ्या. कोण अधिक झुकते ते पाहा. निकाल काय लागेल हे मी आधी सांगणार नाही. सांगितले तर तुमचेही निरीक्षण त्या बाजूला झुकेल!

सगळ्यात शेवटी आपली रफ वही उघडा आणि स्वतःला विचारा : यातला कोणता आकडा मी पाहिला म्हणून लिहिला आणि कोणता यायला हवा होता म्हणून लिहिला? या प्रश्नाचे उत्तर कोणताही लेखनिक तुमच्या वतीने देऊ शकणार नाही.